मृतांच्या कामी आलेले संगीत

शांत झोप लागावी म्हणून ऐकायच्या संगीताच्या याद्यांत हल्ली व्हिक्तोरियाचे रेक्विएमही असते. संगीत थोर, जागा चुकीची. मुळात ते ऐकणाऱ्याच्या सोयीसाठी रचलेलेच नाही.

तोमास लुईस दे व्हिक्तोरिया हा सम्राज्ञी मारियाच्या पदरी असलेला धर्मगुरू आणि संगीतकार. माद्रिदच्या देस्काल्सास रेआलेस मठाच्या आश्रयाने राहणारी मारिया 1603 मध्ये वारली, तेव्हा त्याने सहा आवाजांची मृतांची मिस्सा (कॅथलिक उपासनाविधी), म्हणजेच हे रेक्विएम, रचली. 1605 मध्ये ती छापली गेली. मारिया फिलिप दुसऱ्याची बहीण, एका सम्राटाची पत्नी, दोन सम्राटांची आई. पण मिस्सेत तिचे नाव नाही, थोरवी नाही. लॅटिन शब्द तेच, जे कुणाही सामान्य कॅथलिकासाठी म्हटले जात.

कारण हे गाणे म्हणजे शोक नव्हे, मदत. स्वर्गाआधी आत्म्याला पर्गेटरीत शुद्ध व्हावे लागते आणि जिवंतांच्या प्रार्थनेने ती वाट सुकर होते, ही त्यामागची श्रद्धा. म्हणून श्रीमंत लोक मृत्युपत्रात मिस्सांसाठी पैसे ठेवत. द्युफाय या संगीतकाराने तर आपल्या मरणशय्येपाशी गाण्यासाठी स्वतःचे नाव गुंफलेली रचना तयार ठेवली होती. 1474 मध्ये मरण इतके घाईने आले, की ती नंतर, अंत्यविधीत गावी लागली!

व्हिक्तोरिया असा कुठे दिसत नाही. शतकानुशतके चालत आलेली ग्रेगोरियन चाल तो बहुतेक ठिकाणी दुसऱ्या सोप्रानोकडे, म्हणजे सर्वांत उंच आवाजांच्या दुसऱ्या गटाकडे, सोपवतो आणि बाकीचे आवाज तिच्याभोवती विणतो. ईयोबाच्या ग्रंथातला, जगण्याला विटलेल्या माणसाचा उतारा येतो, तेव्हा मात्र हे विणकाम थांबते. सगळे आवाज एकेक शब्द मिळून उच्चारतात. बोलणारा तिथे ‘मी’ म्हणतो, आणि जिला आता बोलता येत नाही त्या मारियाच्या वतीने गायक तो ‘मी’ उच्चारतात.

ल्यूथरच्या अनुयायांनी पर्गेटरी नाकारली, तिथे हे कामच संपले. त्याच ल्यूथरपंथी परंपरेतल्या ब्राम्स या संगीतकाराच्या 1868 च्या जर्मन रेक्विएमची सुरुवातच मागे राहिलेल्यांच्या सांत्वनाने होते. ती रचना सुंदर आहे, पण माझ्या लेखी व्हिक्तोरियाची निरपेक्षता अधिक मोठी.

ही मिस्सा ऐकायची असेल, तर झोपताना नको. जागेपणी, सलग ऐका, आणि कान दुसऱ्या सोप्रानोवर ठेवा.