भावाच्या वांट्याचें पुण्य

भावाला न विचारतां केलेलें दान पुण्य ठरेल काय? एन्झो बारबोनी यांच्या १९७० सालच्या 'दे कॉल मी ट्रिनिटी' या इटालियन विनोदी चित्रपटांत बॅम्बिनो हा घोडेचोर फौजदाराच्या सोंगांत मेजरच्या घोड्यांवर टपलेला असतो. त्याचा आळशी भाऊ ट्रिनिटी तेच घोडे भाविक मॉर्मन वसाहतवाल्यांना देऊन टाकतो. प्रेक्षक हंसतात, बॅम्बिनो संतापतो. घोडे त्याचे नव्हतेच, हें खरें. पण त्याचें दुःख घोड्यांचें नसून आपणांस विचारलें नाहीं याचें असावें.

आमचा खंडोबा वर्षांतून सव्वादहा महिने अणदुरास, पावणेदोन महिने नळदुर्गास राहतो. मूर्ति एकच, वांटणी विषम. तरी ती हलवितांना दोन्ही गांवांत लेखी करार होतो. ट्रिनिटीला विचारण्याचाहि आळस. आणि पुढें कष्टाचें नांव ऐकतांच तो त्या रागावलेल्या भावाच्याच वाटेनें निघाला.