दारातल्या चपला

नेहमी खरं बोलावं, असं मला ज्यांनी शिकवलं त्यांच्याच सांगण्यावरून मी आयुष्यातलं पहिलं खोटं बोललो. दारात दूधवाला उभा होता. दोन महिन्यांचा हिशेब थकलेला. वडिलांनी आतल्या खोलीतून हातानंच खूण केली. मी बाहेर जाऊन शाळेत कविता म्हणतात तशा आवाजात म्हणालो, "बाबा घरात नाहीत." दूधवाला भला माणूस. तो म्हणाला, "बरं, आले की सांग. आणि हेही सांग, की अनवाणी फिरत जाऊ नका. चपला दारातच राहिल्यात."

त्या दिवशी मला दोन गोष्टी कळल्या. एक म्हणजे खोटं बोलणं हे एकट्या तोंडाचं काम नाही, चपलाही आत घ्याव्या लागतात. दुसरी म्हणजे दूधवाल्यांना सगळं कळतं, पण ते दूध घालणं थांबवत नाहीत. पहिली गोष्ट मी लक्षात ठेवली. दुसरी लक्षात यायला पुढं साठ वर्षं जावी लागली, आणि त्याला कारण झाला मोबाइल.

या फोनवरच्या व्हॉट्सॲपबद्दल मी तुम्हाला काही नवीन सांगणार आहे असं नाही. मजकूर निघाला की एक करडी खूण. समोरच्याच्या फोनमधे पोचला की दोन. आणि त्यानं वाचला की दोन्ही खुणा निळ्या. ही निळाई आली २०१४ च्या नोव्हेंबरात. माणसाला अग्नीचा शोध लागला तेव्हा जेवढी खळबळ झाली नसेल तेवढी त्या आठवड्यात झाली. कारण तोपर्यंत 'अरे, पाहिलाच नाही तुझा मेसेज' हे वाक्य बिनदिक्कत चालत होतं, ते एका रात्रीत बाद झालं. दारातल्या चपला साऱ्या जगाला दिसू लागल्या. लोकांनी एवढा आरडाओरडा केला, की थोड्याच दिवसांत कंपनीनं ती खूण बंद करायची सोय दिली. सत्य सहन होत नसेल तर झाकून ठेवा, अशी ही सोय.

आमच्या तरुणपणी खोटं बोलायला असली यंत्रं लागत नसत. पोस्टखातं होतं. या खात्यानं देशाची पत्रं वाहिली हे सगळे जण सांगतात, पण आमची पापं वाहिली हे कोणी सांगत नाही. मेव्हण्यानं पैसे मागितले, 'पत्र पोचलं नाही.' मावसबहिणीच्या दिरासाठी नोकरी बघायला सांगितली, 'पत्र पोचलं नाही.' बिचाऱ्या पोस्टमननं ते उन्हातान्हात आणून हातात दिलेलं असे. ट्रंक कॉल असला तर 'हॅलो, हॅलो, काही ऐकू येत नाही' असं ओरडायचं. पुष्कळदा ते खरंही असे, त्यामुळं खोट्याला एक प्रतिष्ठा होती.

भीती वाटे ती फक्त रजिस्टर पत्राची, पोचपावतीच्या. ती पावती म्हणजे आजच्या निळ्या खुणेची आजी. सही केली की संपलं. म्हणून आमच्या वाड्यातले एक गृहस्थ असलं पत्र घेतच नसत. पोस्टमन दिसला की कडी लावून बसत. पोस्टमन 'घेण्यास नकार' असा शेरा मारून जाई, आणि हे विजयी मुद्रेनं बाहेर येत. पुढं घरमालकाशी कोर्टात प्रकरण उभं राहिलं तेव्हा त्यांना कळलं, की बरोबर पत्त्यावर रजिस्टरनं पाठवलेली नोटीस तुम्ही नाकारली, तरी ती पोचली असंच कायदा धरून चालतो. १८९७ सालापासूनचा कायदा आहे हा. म्हणजे डोळे मिटून घेतले म्हणून समोरचं नाहीसं होत नाही, ही गोष्ट सरकारनं आमच्या जन्माआधीच ठरवून टाकली होती. कोणी आम्हाला सांगितलं नाही एवढंच.

आता माझ्या गुन्ह्याकडं येतो.

माझा एक मित्र आहे. त्याला इथे बापू म्हणू. आम्ही एकाच वाड्यात वाढलो, एकाच बाकावर बसलो आणि एकाच गणितात नापास झालो. बापू सेवानिवृत्त झाला आणि त्याच्या हाती मोबाइल आला. तेव्हापासून तो रोज पहाटे पाचला एक गुलाब पाठवतो. साडेपाचला सुविचार. सहाला दुधीभोपळ्याचे फायदे. सातला एखाद्या थोर पुरुषाचं असं वाक्य, की जे त्या थोर पुरुषानं वाचलं असतं तर तो थोर झालाच नसता. मी वाचलं की खूण निळी होई, आणि निळी झाली की बापू विचारी, "कसं वाटलं?" दुधीभोपळ्याबद्दल रोज काय वाटणार?

शेवटी मी भाचीला शरण गेलो. ती कॉलेजात जाते आणि फोनकडं न बघता फोन चालवते. म्हणाली, "मामा, तुझी निळी खूण बंद करून देते. पण एक आहे, मग तुलाही दुसऱ्यांची दिसणार नाही."

मला हा नियम फार आवडला. ज्याला लपायचं आहे त्यानं दुसऱ्याच्या खिडकीत डोकावू नये, हा विचार धर्मग्रंथात शोभेल असा आहे. मी त्या नैतिक आनंदात खूण बंद केली आणि तीन महिने परम सुखात काढले. मी सगळं वाचत होतो आणि कुठंच सापडत नव्हतो. परमेश्वराला असंच वाटत असावं.

याच काळात मी भाचीला एक व्याख्यान दिलं. तिच्या मैत्रिणीनं तिला काही विचारलं होतं. हिनं उत्तर लिहिलं, 'वाचलं. आज बोलायचा मूड नाही. उद्या बोलते.' मी हादरलो.

"अगं, असं कोणी तोंडावर सांगतं का? काय वाटेल तिला?"

"मग काय सांगू? पाहिलंच नाही म्हणून?"

"अगदी तसंच नाही, पण..."

"पण तसंच काहीतरी. मामा, तू मला लहानपणी कौशिकाची गोष्ट सांगितली होतीस ना?"

सांगितली होती. महाभारतातला हा कौशिक ब्राह्मण. काही झालं तरी खरंच बोलायचं असा त्याचा नेम. चोरांच्या भयानं पळालेली माणसं कुठल्या वाटेनं गेली, हे त्यानं चोरांना खरं खरं सांगितलं. चोरांनी त्या माणसांना मारलं आणि कौशिक नरकात गेला. उलट तिकडं जर्मनीत कांट नावाच्या तत्त्वज्ञानं १७९७ साली लिहून ठेवलं, की दारात खुनी उभा राहून 'तुझा मित्र आत आहे का?' असं विचारत असला, तरी खोटं बोलू नये. मी भाचीला म्हटलं, "बघ, आपले लोक किती व्यवहारी. खरं बोलण्यातही तारतम्य पाहिजे."

ती म्हणाली, "पण मामा, माझी मैत्रीण चोरही नाही नि खुनीही नाही."

आजकालच्या मुलांना उलट उत्तर द्यायची सवय लागली आहे, ती या मोबाइलमुळंच, असं मी त्या रात्री आमच्या हिला सांगितलं. ही म्हणाली, "बापूभावजींना फोन केलात का? त्यांचं काही बरं नाही म्हणत होती शेजारीण."

कारण त्या मंगळवारी गुलाब, सुविचार आणि भोपळा यांच्याखाली बापूचा आणखी एक मजकूर होता. 'काल डॉक्टरकडे जाऊन आलो. जरा बोलायचं होतं. सवडीने फोन कर.'

मी तो सकाळी नऊला वाचला होता. चहा घेतल्यावर करू म्हटलं. मग पेपर आला. मग संध्याकाळी करू म्हटलं. 'सवडीने' असं त्यानंच लिहिलं होतं ना? खरं म्हणजे आमच्या पिढीच्या मराठीत 'सवडीने' या शब्दाचा अर्थ 'आत्ताच्या आत्ता' असा होतो, हे मला माहीत आहे. माणूस घाबरलेला असला की तो जास्त सभ्य होतो. पण बुधवार गेला. गुरुवारी फोन करायला लाज वाटू लागली, कारण आता उशिराचं कारण द्यावं लागणार होतं. शुक्रवारी ती लाज आणखी मोठी झाली. आणि मी वाचलं आहे हे कोणालाच ठाऊक नव्हतं, तेव्हा हळूहळू मलाही वाटू लागलं, की मी वाचलंच नसावं.

शनिवारी गेलो. रिक्षात वाक्य तयार केलं होतं. बापूच्या दारात चपला काढता काढताच म्हणून टाकलं, "अरे, आज पाहिला तुझा मेसेज. चार दिवस नेटच नव्हतं."

"असेल," बापू म्हणाला. "बस."

चहा झाला. हृदयाचं निघालं होतं. डॉक्टरांनी अँजिओग्राफी करा म्हणून सांगितलं, आणि बायकोला सांगण्याआधी त्याला कोणाशी तरी बोलायचं होतं. मग गुरुवारी शेजारच्या मुलाला घेऊन तो जाऊन आला. औषधांवर भागेल म्हणाले. सगळं ठीक होतं. मी निघालो. दाराशी आल्यावर बापू हसत म्हणाला, "लेका, शाळेच्या ग्रुपवर ती निळी खूण लपत नाही. मंगळवारी सकाळी तिथे टाकलेला भोपळा तू नऊ वाजून दोन मिनिटांनी वाचलास. तुझ्या वडिलांसारखंच झालं बघ. चपला दारातच राहिल्या तुझ्या."

वाड्यातला तो दूधवाला त्यांच्याकडंही दूध घालत असे.

मी हसलो, पण पायाला चपला सापडेनात.

घरी येताना मला धर्मराजाची आठवण झाली. जन्मभर खरं बोलल्यामुळं त्याचा रथ जमिनीपासून चार बोटं वर चाले म्हणतात. 'अश्वत्थामा मेला' हे त्यानं मोठ्यानं सांगितलं आणि 'हत्ती' हा शब्द हळूच उच्चारला. रथ खाली आला. अक्षरशः पाहिलं तर तो खोटं बोललाच नव्हता. मीही तीन महिने एक अक्षर खोटं बोललो नव्हतो, फक्त एक खूण बंद केली होती. पण धर्मराजानं निदान एका युद्धासाठी रथ खाली आणला. मी तो दुधीभोपळ्यापायी आणला.

तुम्ही म्हणाल, दोष मोबाइलचा. थोडा आहे. पूर्वी प्रत्येक निरोपाला त्याचं त्याचं वजन असे. कार्ड म्हणजे खुशाली, अंतर्देशीय म्हणजे घरगुती भानगड, आणि तार आली की सगळं घर उभं राही. आपल्याकडची तार २०१३ च्या जुलैत बंद झाली, आणि तिच्याबरोबर ते वजनमापही गेलं. आता गुलाब आणि भय एकाच आकाराच्या चौकटीत, एकाच आवाजानं येतात. शंभर गुलाब आले की हात आपोआप सगळंच खाली सरकवू लागतो. हे यंत्रानं केलं. पण सरकवणारा अंगठा माझा होता. शिवाय वजन ओळखायला त्या दिवशी मला काही तराजू लागत नव्हता. मी ते नऊ वाजून दोन मिनिटांनीच ओळखलं होतं.

आणि त्या मुलांचं काय? त्यांच्या चपला जन्मापासून दारात आहेत. केव्हा फोन उघडला, केव्हा वाचलं, आत्ता जागी आहे की नाही, सगळं दिसतं. निळी खूण होऊनही उत्तर आलं नाही म्हणून रात्री दोन दोन वाजेपर्यंत कुढणारी मुलं मी पाहिली आहेत, आणि तो छळ आमच्या वाट्याला आला नाही याबद्दल मी पोस्टखात्याचा ऋणी आहे. पण त्यातल्याच काहींनी 'घरात नाही' म्हणणं सोडून 'घरात आहे, पण आत्ता बाहेर येत नाही' म्हणायला सुरुवात केली. मी त्याला उद्धटपणा म्हणत होतो. तो प्रामाणिकपणा निघाला. फक्त त्याला आमच्यासारखी इस्त्री नव्हती.

सांगली जिल्ह्यात मोहित्यांचे वडगाव म्हणून गाव आहे. २०२२ साली त्या गावानं ठरवलं, की संध्याकाळी सातला भोंगा वाजला की दीड तास टीव्ही आणि मोबाइल बंद. मुलांनी अभ्यास करावा, मोठ्यांनी बोलावं, वाचावं. मला त्यातली शिस्त आवडली, पण त्याहून आवडला तो भोंगा. अख्खं गाव ओरडून सांगत होतं, 'आम्ही आहोत, पण आत्ता सापडणार नाही.' लपणं म्हणजे खोटं नव्हे. लपल्याचं लपवणं म्हणजे खोटं.

मी खूण पुन्हा चालू केली. भाचीनं कारण विचारलं नाही, नुसती हसली. बापूला सरळ सांगितलं, "तुझे गुलाब मी वाचणार नाही. वाईट वाटून घेऊ नकोस. पण खरंच काही असलं, तर आधी 'तार' असं लिही. मी असेन तिथून उठून येईन."

त्याला थोडं वाईट वाटलं. दोन दिवस गुलाब आला नाही, आणि खरं सांगतो, मला चुकल्यासारखं झालं. तिसऱ्या दिवशी पाचाला गुलाब हजर. रविवारी दुपारी मात्र जेवून लवंडलो होतो तेवढ्यात फोन वाजला. बापूचा निरोप होता. पहिलाच शब्द 'तार'. छातीत धस्स झालं. पुढं लिहिलं होतं, 'बेसनाचे लाडू झाले आहेत. सवडीने ये.'

मी ताबडतोब निघालो.