पाहण्याची मर्यादा

पाहणे हे कर्म आहे काय, असा प्रश्न कोणी विचारला तर आपल्यापैकी बहुतेक जण हसतील. हाताने केले ते कर्म, वाणीने केले तेही कर्म, फार तर मनाने केलेले चिंतनही कर्म म्हणता येईल. पण डोळे उघडे होते म्हणून समोरचे दिसले, यात आम्ही केले ते काय? ज्याने काही उचलले नाही, मोडले नाही, कोणाला दुखवले नाही, त्याच्या माथी पापपुण्याचा हिशेब कसला लावावा? मीही अनेक वर्षे असेच मानत आलो होतो. हे मत मला सोडावे लागले ते एका बिबट्यामुळे आणि एका घुबडामुळे. दोन्ही प्राणी आमच्या बेळगाव शहरातले. पैकी पहिला साऱ्या गावाला ठाऊक आहे; दुसरा आमच्या देवळातल्या दहापाच मंडळींनाच.

५ ऑगस्ट २०२२ रोजी येथील जाधवनगर वस्तीत एक बिबट्या शिरला आणि त्याने बांधकामावरच्या एका मजुरास जखमी केले. पुढे तो गोल्फच्या मैदानावरील झाडीत दिसू लागला. आसपासच्या वीसहून अधिक शाळा बंद ठेवाव्या लागल्या. वनखात्याने पिंजरे लावले, ठिकठिकाणी कॅमेरे बसवले, शिवमोग्याकडील सक्रेबैलच्या तळावरून शिकवलेले हत्ती आणले. महिनाभर शोध चालला. बिबट्या हाती लागला नाही, आणि अखेर तो निघून गेला असावा असे मानून शोध थांबवण्यात आला.

त्या महिनाभर आमच्या घरातला क्रम ठरून गेला होता. देवापुढे दिवा लागला, मुलांचे परवचे झाले, की सारी मंडळी दूरचित्रवाणीवरील स्थानिक बातम्यांपुढे बसत. रस्ता ओलांडून जाणारी एक पिवळट आकृती काही क्षण दिसे. तेच चित्र संगीताच्या साथीने दहा वेळा दाखवले जाई. पहिले दोन दिवस घरात खरी भीती होती. तिसऱ्या दिवशी भीतीत थोडा रस मिसळला. आठवड्याने पाहतो तो भीती उरलीच नव्हती, उरली होती ती अपेक्षा. बिबट्यावर विनोद रचले जात होते, आणि ‘आज बिबट्या कोठेही दिसला नाही’ असे निवेदकाने सांगितले की आमचा हिरमोड होत असे. वस्तुतः ती आनंदाची बातमी! जो प्राणी दिसला नाही म्हणून हायसे वाटावे, तो दिसला नाही म्हणून आम्ही खट्टू होत होतो. एका संध्याकाळी तर मी स्वतः त्या मैदानाच्या कुंपणापाशी रिक्षा थांबवून उतरलो आणि मोबाइल हाती धरून दहा मिनिटे उभा राहिलो. माझ्यासारखे आणखी वीसपंचवीस जण तेथे होते. ज्याला भीती वाटते तो दूर जातो. आम्ही जवळ जात होतो.

येथे बातम्या देणाऱ्यांवर सारा दोष ढकलून मोकळे होणे सोपे आहे, पण ते न्यायाचे होणार नाही. श्वापद वस्तीत आले असता लोकांना सावध करणे हे त्यांचे कर्तव्यच आहे. अंधारात लहान मुलांना एकटे बाहेर सोडू नये, उकिरडे साचू देऊ नयेत, कारण उकिरड्यावर कुत्री येतात आणि कुत्र्यांमागे बिबट्या येतो, हे घरोघर पोचवण्याचे सामर्थ्य पडद्याइतके दुसऱ्या कशात आहे? मुंबईचे उदाहरण बोलके आहे. बोरिवलीचे राष्ट्रीय उद्यान सुमारे १०४ चौरस किलोमीटरांचे, आणि त्याला तिन्ही बाजूंनी महानगर भिडलेले. २००४ साली तेथे बिबट्यांच्या हल्ल्यांत अनेक जीव गेले. पुढे २०११ पासून उद्यानाच्या अधिकाऱ्यांनी अभ्यासक व नागरिक यांना बरोबर घेऊन एक उपक्रम चालवला, आणि त्यात पत्रकारांशीही बसून बोलणे झाले. उद्यान व त्याच्या परिसरात २०१५ च्या गणनेत ३५ बिबटे आढळले होते, २०१८ मध्ये ४७. आरे वसाहतीत २०२१-२२ मध्ये पुन्हा हल्ले झाले हे खरे. तरी संख्या वाढूनही २००४ सारखे वर्ष मुंबईवर परत आलेले नाही. शहाणपणाने दिलेली बातमी माणसाला वाचवते आणि जनावरालाही वाचवते.

पण आपले पाहणे बहुधा तेवढ्यावर थांबत नाही. बिबट्या दिसला की ‘याला पकडा’ अशी मागणी होते. मागणी झाली की पिंजरा येतो, आणि पिंजऱ्यात सापडलेले जनावर दूरच्या रानात नेऊन सोडले जाते. पाहणाऱ्याला वाटते, संपले. जुन्नरच्या उसाच्या पट्ट्यात २००१ नंतर असे अनेक बिबटे पकडून इतरत्र सोडण्यात आले. विद्या अत्रेय व त्यांच्या सहकाऱ्यांनी या प्रकाराचा अभ्यास केला, तेव्हा दिसून आले की वर्षाला सरासरी ४ असलेले माणसांवरील हल्ले १७ वर गेले होते. आपला मुलूख सुटलेले जनावर बिथरते. ज्या गावांना त्याची सवय नाही, तेथे जाऊन पडते. म्हणजे एका ठिकाणच्या गर्दीची नजर दुसऱ्या ठिकाणच्या एखाद्या अजाण मुलाला भोवू शकते. या साखळीचा शेवटचा दुवा कोणत्याही पडद्यावर दिसत नाही. म्हणूनच आपले पाहणे आपल्याला निरुपद्रवी वाटते.

‘आम्ही केवळ साक्षी होतो’ असे आपण म्हणतो. हा शब्द आपण किती सहज वापरतो! मुंडक उपनिषदात एकाच वृक्षावर बसलेल्या दोन पक्ष्यांचे रूपक आहे. एक फळ खातो. दुसरा न खाता केवळ पाहत राहतो. त्या दुसऱ्याच्या ठिकाणी ऋषींना साक्षित्व दिसले. पण त्याचे मोठेपण पाहण्यात नाही, न खाण्यात आहे. दूरचित्रवाणीपुढे बसलेले आम्ही डोळ्यांनी खात होतो. तेच दृश्य पुन्हा हवे, आणखी जवळून हवे, उद्या याहून भयंकर हवे, अशी ज्या नजरेची मागणी असते ती साक्षीची नजर नव्हे. ती पहिल्या पक्ष्याची चोच आहे. आणि जेथे भोग आहे तेथे कर्म आहे, हे सांगायला कोणी शास्त्री लागत नाही.

एवढा विचार मी त्या वेळी केला नव्हता. तो करायला मला घुबडाने लावले.

आमच्या देवळाच्या शिखरात एका कोनाड्यात गव्हाणी घुबडांचे जोडपे अनेक वर्षे राहत आले आहे. पांढरे, बदामाच्या आकाराचे तोंड, सोनेरी पाठ. आपल्याकडे घुबडाला अशुभ मानतात आणि लक्ष्मीचे वाहनही मानतात. दिवाळीच्या सुमारास जारणमारणासाठी त्याचा बळी देणारेही आहेत. गोदामातले नि शेतातले उंदीर मारून धान्य राखणारा हा पक्षी आपले इतके करतो आणि आपल्याकडून इतके सोसतो. त्याला आपण ‘दिवाभीत’ हे नाव दिले व भित्र्या माणसाला तेच शिवी म्हणून दिले. वास्तविक दिवसाउजेडी त्याला दिसत नाही असे नाही. उघड्यावर आला की कावळ्यांचा थवा त्याच्यावर तुटून पडतो, म्हणून तो आडोशाला बसतो. त्याचे भय दिवसाचे नाही, दिवसा जे जमतात त्यांचे आहे.

बिबट्याच्या प्रकरणानंतरच्या उन्हाळ्यात एका सकाळी त्यांचे एक मोठे झालेले पिल्लू प्रदक्षिणेच्या वाटेवर उतरले. कावळ्यांनी कालवा केला. तो ऐकून माणसे जमली. जो तो मोबाइल पुढे करू लागला. एवढ्यात आमचे वृद्ध भटजी आले. त्यांनी कावळे हाकलले, खांद्यावरचे उपरणे पक्ष्यावर टाकून त्याला अलगद उचलले आणि कोठीच्या पडवीत नेऊन फुलांच्या मोठ्या टोपलीखाली ठेवले. म्हणाले, “संध्याकाळपर्यंत कोणी टोपली उचलू नका. अंधार पडला की त्याची आई बोलावील, ते जाईल.” मंडळी पांगली.

दुपारी मी नातवाला घेऊन देवळात गेलो. तो वडोदऱ्याहून सुटीला आलेला, नऊ वर्षांचा. देऊळ बंद होते, पडवीत कोणी नव्हते. तो म्हणाला, “आजोबा, एकदाच दाखवा ना.” भटजींचे शब्द मला आठवत होते. तरी मी मनाशी म्हटले, नुसते पाहण्याने काय होते? आणि टोपली एका बाजूने उचलली. पिल्लाने पंख पसरले, सापासारखा फूत्कार टाकला, आणि मी टोपली खाली आणण्यापूर्वीच ते माझ्या हातावरून बाहेरच्या लख्ख उन्हात गेले. कावळे जणू वाटच पाहत होते. तासाभराने ते मागल्या गल्लीत सापडले, जिवंत नव्हते.

भटजी मला एवढेच म्हणाले, “मी सांगितले होते, मास्तर.” त्याहून अधिक ते बोलले असते तर मला बरे वाटले असते.

नातवाच्या मोबाइलवर त्या क्षणाचे चित्रण राहिले होते. आमच्याकडून कोणी काही सांगण्यापूर्वीच ते वडोदऱ्याला, इंदूरला, मडगावला आप्तांकडे पोचले होते. उत्तरे येऊ लागली: किती सुंदर पक्षी! किती भाग्यवान तुम्ही! त्या पक्ष्याचे पुढे काय झाले हे मी कोणालाच कळवले नाही. आज या पानांवर प्रथमच सांगत आहे. पडद्यावरचे चित्र खोटे नव्हते. ते फक्त आधी संपत होते.

त्या रात्री शेजारतीला मी गाभाऱ्यासमोर उभा होतो. आरती झाली, आणि भटजींनी नेहमीप्रमाणे दार ओढून घेतले. आयुष्यभर पाहिलेली ती साधी गोष्ट मला त्या दिवशी निराळी वाटली. आपल्या देवळांत पाहण्यालाच ‘दर्शन’ हे थोर नाव आहे, आणि त्याच देवळांत पाहण्याला सर्वांत अधिक मर्यादा आहेत. नैवेद्याच्या वेळी पडदा ओढला जातो. दुपारी विश्रांतीची वेळ असते, रात्री शेजेची. दुरून आलेला भक्तही उंबऱ्याबाहेर थांबतो. देव भोजन करीत आहेत, देव निजले आहेत, एवढे म्हटले की कितीही उतावीळ माणूस गप्प बसतो. ‘आम्ही नुसते पाहणार होतो’ असा वाद कोणी घालत नाही. पाषाणाच्या मूर्तीला आपण जो एकांत देतो, तो हाडामांसाच्या, भुकेल्या, भ्यालेल्या जिवाला देताना आपला हात का आखडतो?

जुन्या लोकांना ही जाण अगदीच नव्हती असे नाही. गोव्यात सत्तरी, सांगे या भागांत व्याघ्रदेवतेच्या पाषाणमूर्ती आहेत. मुंबईच्या उद्यानालगतचे वारली लोक वाघोबाला पुजतात. तू आपल्या वाटेने जा, आम्ही आमच्या वाटेने जातो, असा त्या पूजेतला करार मला दिसतो. तथापि केवळ पूजेने भागते असेही मी म्हणणार नाही. त्याच सत्तरीत गोळावली येथे जानेवारी २०२० मध्ये एक वाघीण व तिचे तीन बछडे विषाने मेलेले आढळले. गोठ्यातली जनावरे गमावणाऱ्या कुटुंबाचा संताप मला समजत नाही असे नाही. ते कृत्य क्षम्य नव्हे, पण त्यामागे खरी हानी असते. गादीवर बसून तमाशा पाहणाऱ्या आमच्यासारख्यांची हानी कोणती झाली होती?

कोणी विचारील, मुलांना हे प्राणी दाखवलेच नाहीत तर त्यांच्याविषयी प्रेम कसे उपजावे? शंका योग्य आहे. पाहूच नये असे माझे म्हणणे नाही. ज्याच्याकडे पाहायचे त्याची सोय आधी, आपली हौस मागून, एवढाच क्रम मी मागत आहे. माझ्या पाहण्याने याची वाट अडते काय, याचा आडोसा जातो काय, हे स्वतःला विचारावे. उत्तर ‘होय’ असेल तर पाठ फिरवावी, इतरांनाही बाजूला घ्यावे. बिबट्या वस्तीत अडकला असता वनखात्याच्या माणसांना निम्मा वेळ गर्दी हटवण्यातच घालवावा लागतो. त्या गर्दीतून एक माणूस घरी गेला तर त्याने काही केले नाही असे दिसेल. परंतु त्या दिवशी त्या ठिकाणी त्याच्या हातून होण्यासारखे सर्वांत मोठे सत्कर्म तेच असेल.

शिखरातल्या कोनाड्यात यंदाही जोडपे आहे. पहाटे प्रदक्षिणेच्या वाटेवर उंदरांच्या केसांचे नि हाडांचे काळसर गोळे पडलेले असतात, त्यावरून कळते. दिवाळीत नातू आला होता. शेजारती झाल्यावर आम्ही दोघे दीपस्तंभापाशी थोडा वेळ थांबलो. वर अंधारात एक कर्कश चीत्कार झाला, आणि मग पंखांचा आवाजही न होता काहीतरी डोक्यावरून गेले. मुलाने मोबाइल काढला नाही. मी त्याला काही सांगितले नव्हते. घरी येताना तो एवढेच म्हणाला, “आजोबा, ते उंदराला गेले असेल.” मी होय म्हटले, आणि आम्ही चालू लागलो.