पॉझिटिव्ह आलं तर?

माझं लग्न ठरलं त्याच आठवड्यात मामाने मला बाजूला घेऊन सांगितलं, "मुलीकडच्यांकडून एचआयव्हीचा रिपोर्ट मागून घे. आजकाल कुणाचं काही सांगता येत नाही." मी "बरं" म्हणालो. माझा रिपोर्ट कुणी मागितला नव्हता, आणि तो आपणही द्यायला हवा हे मला सुचलंही नव्हतं. हे लिहिताना लाज वाटते, पण खरं तेच आहे.

मी सॉफ्टवेअर इंजिनिअर. बारावीनंतर बायोलॉजीचा आणि माझा संबंध संपला. तो पुन्हा जोडला माझ्या मावसबहिणीने. ताई पुण्यात इम्युनॉलॉजीत, म्हणजे रोगप्रतिकारशास्त्रात संशोधन करते. तिच्या प्रयोगांचा डेटा निवडायला मी अधूनमधून पायथनमध्ये स्क्रिप्ट लिहून देतो, त्या बदल्यात ती मला जेवायला घालते. यंदा ती अमेरिकेत एका कोर्सला जाऊन आली. अमेरिकन असोसिएशन ऑफ इम्युनॉलॉजिस्ट्स ही संस्था दर उन्हाळ्यात शास्त्रज्ञांसाठी इम्युनॉलॉजीचा प्रगत अभ्यासक्रम घेते. दिवस मोजकेच, पण व्याख्यानांचा मारा. नवख्यांना तिथे जागा नाही, पाया पक्का असेल तरच या, असा मामला. उन्हाळा अर्थात तिकडचा, आपल्याकडे तेव्हा आषाढ.

ती परत आल्यावर मी माझ्या अकलेप्रमाणे विचारलं, "मग काय, इम्युनिटी कशी वाढवायची?"

"वाढवायचं सोड," ती म्हणाली. "वाढलेली थांबते कशी, हे जास्त अवघड आहे."

मग तिने जे सांगितलं ते माझ्या डोक्यातून गेलंच नाही. आपल्या छातीच्या हाडामागे थायमस नावाची ग्रंथी असते. टी पेशी तिथे तयार होतात आणि तिथेच त्यांची परीक्षा होते. शरीराच्या स्वतःच्याच प्रथिनांवर जी पेशी जोरात चवताळते, तिला बहुतेक वेळा तिथेच मरावं लागतं. परीक्षेला बसलेल्यांपैकी फारच थोड्या बाहेर पडतात. तरीही काही चुकार पेशी निसटतात. त्यांना आवरायला आणखी एक जात असते, नियामक टी पेशी. शिमोन साकागुची यांनी १९९५ मध्ये त्या दाखवून दिल्या, मेरी ब्रंकॉव आणि फ्रेड रॅम्सडेल यांनी २००१ मध्ये त्यांच्यामागचं फॉक्सपी३ हे जनुक शोधलं, आणि २०२५ चं वैद्यकाचं नोबेल या तिघांना मिळालं. हा आवर सुटला की शरीर स्वतःलाच खायला लागतं. टाइप वन डायबेटिस, आमवात, असे कितीतरी आजार त्यातूनच येतात.

म्हणजे शत्रूला मारणं हे रोगप्रतिकाराचं निम्मंच काम. कुणाला मारायचं नाही, हे शिकणं उरलेलं निम्मं.

*

दिवाळीत आम्ही दोघं आजोळी होतो. आजोळ नगर तालुक्यात, त्यामुळे हिवरे बाजार हाकेच्या अंतरावर. ताईने गाव पाहिलं नव्हतं, म्हणून गाडी काढली. वाटेत मी तिला मामाचं म्हणणं सांगून टाकलं. ती काही बोलली नाही. एवढंच म्हणाली, "हिवरे बाजारात पण हा नियम आहे, माहितीये ना?"

माहीत होतं. हिवरे बाजारचं नाव निघालं की आपण पाण्याबद्दल बोलतो. पर्जन्यछायेतलं गाव, पाऊस जेमतेम चारशे मिलिमीटरच्या आसपास, बहात्तरच्या दुष्काळानंतर खंगलेलं. १९८९ च्या सुमारास एम.कॉम. झालेले पोपटराव पवार सरपंच झाले आणि गाव पालटलं. पुढे त्यांना पद्मश्री मिळाली. पण याच गावाने आणखी एक नियम केला: लग्नाआधी एचआयव्हीची तपासणी.

गावात हिंडताना ताई एकेक 'बंदी' मोजत होती. कुऱ्हाडबंदी, चराईबंदी, नशाबंदी, नसबंदी, आणि जोडीला श्रमदान. ही मूळ पंचसूत्री. पुढे शेतीसाठी बोअरवेल घ्यायला बंदी, उसासारख्या पाणी पिणाऱ्या पिकांना बंदी. दरवर्षी पावसाचा हिशेब मांडायचा, प्यायला किती, जनावरांना किती, शेतीला किती, आणि त्यावरून कोणतं पीक घ्यायचं ते ग्रामसभेत ठरवायचं.

"यातली एक तरी बंदी बाहेरच्यांवर आहे का?" तिने विचारलं. "कुऱ्हाड स्वतःची, गुरं स्वतःची, बोअर स्वतःच्या रानातला. या गावाने स्वतःलाच आवरलंय."

मला ते पटलं. दुष्काळी भागात पाण्याचा शत्रू बहुतेक वेळा बाहेरून येत नाही. शेजाऱ्यापेक्षा शंभर फूट खोल बोअर मारणारा आपलाच माणूस असतो. त्याला मारायचं नसतं, आवरायचं असतं. नियामक पेशीचं काम हेच.

पण मग एचआयव्हीचा नियम? तो या माळेत बसतो का?

माझा पहिला कौल होता, नाही. रक्त माझं, त्यातली माहिती माझी. २०१७ चा एचआयव्ही-एड्स कायदा सांगतो की माहिती देऊन घेतलेल्या संमतीशिवाय तपासणी करता येत नाही, आणि निकाल गुप्त ठेवावा लागतो. ग्रामसभेने एकमताने ठरवलं असेल, मान्य. पण सून दुसऱ्या गावची. ठराव झाला तेव्हा ती त्या सभेत नव्हती. तिच्या वतीने हात कुणी वर केला?

ताईने उलट विचारलं, "आणि तिच्या वतीने नवऱ्याला कोण विचारणार होतं?"

याचं उत्तर माझ्याकडे नव्हतं. नव्वदच्या दशकात महाराष्ट्र हे एचआयव्हीचं प्रमाण जास्त असलेल्या राज्यांपैकी एक होतं. नवऱ्याशिवाय दुसऱ्या पुरुषाला न ओळखणाऱ्या कितीतरी बायकांना हा आजार लग्नातून मिळाला. एप्रिल २००४ पर्यंत सरकारी दवाखान्यात मोफत एआरटी औषधंसुद्धा मिळत नव्हती. अशा काळात वीस वर्षांची मुलगी होणाऱ्या नवऱ्याला म्हणू शकली असती का, की तुमचा रिपोर्ट दाखवा? लग्न तिथेच मोडलं असतं, आणि बोल तिलाच लागला असता. तिला जे विचारता येत नव्हतं ते गावाने नियम करून विचारलं. नियम सगळ्यांनाच असल्यामुळे कुणाचा अपमानही झाला नाही.

आता मामाचं वाक्य आठवा. तपासणी तीच, पण मागायची फक्त तिच्याकडून. एकाच तपासणीची नीती किती बदलते! नवरामुलगाही जिथे हात पुढे करतो तिथे तो नियम आपल्याच माणसांना आवरणारा असतो. फक्त येणाऱ्या मुलीची होते तेव्हा ती नाक्यावरची झडती.

*

मला वाटलं, झालं, उत्तर सापडलं. दोघांनी करायची, प्रश्न मिटला.

त्या रात्री मी तिला फोन केला, म्हणजे माझ्या होणाऱ्या बायकोला. मामाचं म्हणणं, मी दिलेला होकार, हिवरे बाजार, सगळं सांगितलं. ती बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, "मी करते. तूही कर. पण दोघांपैकी एकाचं पॉझिटिव्ह आलं तर काय करायचं, ते आधी ठरवू. नंतर नाही."

मी रोज कोड लिहितो. 'इफ' लिहिलं की 'एल्स' लिहायचा, ही पहिल्या वर्षाची शिकवण. चाचणी फेल झाली तर काय, याचं उत्तर नसेल तर त्या चाचणीला अर्थ नसतो. आणि माझ्या आयुष्यातल्या सगळ्यात मोठ्या चाचणीचा 'एल्स' मी लिहिलाच नव्हता. खरं सांगायचं तर लिहिला होता, पण कुणी न वाचावा असा: लग्न मोडायचं.

ताईला हे सांगितलं तेव्हा तिने कोर्सची वही उघडली. टी पेशीला समोरचा परका आहे हे नुसतं ओळखून चालत नाही, ती म्हणाली. हल्ला करायला तिला दुसरा संकेत लागतो. तो मिळाला नाही तर ओळख पटूनही ती निपचित पडते. पॉली मॅट्झिंगर यांनी १९९४ मध्ये तर मांडलं की शरीराचा खरा प्रश्न 'परका कोण' हा नसून 'धोका कशात' हा आहे. सगळ्यांनी ते जसंच्या तसं स्वीकारलेलं नाही, वाद चालू आहे. पण गर्भ बघ. निम्मा बापाचा, म्हणजे आईच्या शरीराला निम्मा परकाच. तरी आई त्याला नऊ महिने पोटात वाढवते. हे कसं घडतं, हा प्रश्न पीटर मेदावर यांनी १९५३ मध्ये विचारला, आणि त्याचं उत्तर अजून पुरतं हाती आलेलं नाही.

आज नियमित औषधं घेणाऱ्या आणि रक्तात विषाणू मोजण्याइतकाही न उरलेल्या माणसाकडून लैंगिक संबंधातून एचआयव्ही पसरत नाही. असं जोडपं संसार करू शकतं. गरोदरपणात उपचार नीट झाले तर बाळ निगेटिव्ह जन्मण्याची शक्यता खूप मोठी असते. म्हणजे रिपोर्टवरचा शब्द वीस वर्षांपूर्वीचाच, पण त्याचा अर्थ बदलला. आमच्या मनातला 'एल्स' मात्र तिथेच राहिला.

शरीराची उपमा इथे मला सोडून द्यावी लागते. थायमसमध्ये नापास झालेल्या पेशीला मरावं लागतं, आणि त्यात कुणावर अन्याय होत नाही. गाव म्हणजे शरीर नव्हे. इथे नापास कुणाला करायचंच नसतं. गावाने किंवा घराने तपासणी मागावी की नाही, यावर मी अजून शंभर टक्के ठाम नाही. पण एवढं कळलं की ती मागण्याचा हक्क दोन गोष्टींनंतरच येतो: आधी स्वतःचा हात पुढे करायचा, आणि निकाल काहीही आला तरी त्या माणसाला सोडणार नाही याची तजवीज करायची.

आम्ही दोघं गेल्या सोमवारी सरकारी दवाखान्यातल्या आयसीटीसीत, म्हणजे समुपदेशन आणि चाचणी केंद्रात गेलो. तिथे रक्त घेण्याआधी समुपदेशक बाईंनी आम्हाला बसवलं आणि पहिल्यांदा हेच विचारलं, "पॉझिटिव्ह आलं तर काय कराल?"

तिने माझ्याकडे पाहिलं. उत्तर मी दिलं. त्यानंतर मामाला फोन करून सांगितलं, की दोघांचीही तपासणी झाली, आणि लग्नाची तारीख तीच आहे. रिपोर्ट तेव्हा अजून हातात यायचे होते.