शेजारचे आसन आणि बंधुत्व

मोठ्या शहरात कोणी कोणाला जात विचारीत नाही. मग तेथे समता आली असे म्हणावयाचे काय? प्रश्न वरवर सोपा दिसतो. परंतु आज आपल्या समाजातील मुले-मुली राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्तीसारख्या साहाय्यावर परदेशी शिकावयास जात आहेत, आणि रोज सकाळी वर्गाला जाताना हा प्रश्न त्यांच्यापुढे उभा राहतो. धम्माच्या दृष्टीने त्याचा विचार होणे अगत्याचे आहे.

लंडनचेच उदाहरण घेऊ. मोठी महाविद्यालये शहराच्या मध्यभागी आणि तेथले घरभाडे विद्यार्थ्याच्या आवाक्याबाहेरचे. म्हणून आपल्याकडील बरेच विद्यार्थी ईस्ट हॅम, इलफर्ड, वेम्ब्ली अशा लांबच्या वस्त्यांत तिघे-चौघे मिळून बिऱ्हाड करतात आणि भुयारी रेल्वेने वर्गाला जातात. ईस्ट हॅमला डिस्ट्रिक्ट लाइनची गाडी धरून टेंपल स्टेशनला उतरले की लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्स चालत जाण्याच्या अंतरावर आहे. विद्यार्थ्यांना पासावर ३० टक्के सूट मिळते. तरीही महिन्याचा हिशेब जुळत नाही तेव्हा रेल्वे सोडून स्वस्त बस धरावी लागते आणि प्रवासाचा वेळ वाढतो. गाडीत गर्दी असते. खांद्याला खांदा लागतो. पण विटाळ झाला म्हणून कोणी अंग चोरीत नाही, की कोणी आडनाव विचारीत नाही.

याच शहरात परमपूज्य बाबासाहेब १९२० ते १९२३ या काळात शिकत होते. १९२१-२२ साली ते किंग हेन्रीज रोडवरील १० क्रमांकाच्या घरात राहत. तेथे २०१५ पासून त्यांचे स्मारक आहे. ब्रिटिश म्युझियमचे ग्रंथालय त्या घरापासून दोन-अडीच मैलांवर. भाड्याचे पैसे वाचावेत म्हणून बाबासाहेब पायी चालत, असे चरित्रकार सांगतात. पोटात अन्न थोडे, खिशात पैसा त्याहून थोडा. परंतु त्या रस्त्यावर त्यांना कोणी अडवून त्यांची जात विचारली नाही.

ह्याची किंमत ज्याला कळावयाची असेल त्याने १९०१ सालचा त्यांचा दुसरा प्रवास आठवावा. नऊ-दहा वर्षांचे भीमराव आपला भाऊ व भाचे यांच्यासह गोरेगावला वडिलांकडे निघाले होते. मसूर स्टेशनवर उतरल्यावर त्यांची जात कळताच स्टेशनमास्तर मागे सरला. बैलगाडीवाले दुप्पट भाड्यालाही तयार होईनात. शेवटी मुलांनी स्वतः गाडी हाकावी आणि गाडीवानाने बाजूने पायी चालावे, अशी तोड निघाली. आपलीच गाडी, आपलेच बैल, भाडेही दुप्पट. तरी गाडीवानाला त्या मुलांशेजारी बसणे मान्य नव्हते! अशा देशातून गेलेल्या विद्यार्थ्याला अनोळखी माणसाच्या शेजारी निर्धास्त बसता येणे ही केवढी सुटका आहे! तिला कोणी क्षुल्लक म्हणू नये. बाबासाहेबांनी खेड्याची स्तुती कधी केली नाही, त्याचे कारण हेच आहे.

परंतु सुटका वेगळी आणि समता वेगळी. सुटकेचा आधार एवढाच की समोरच्याला आपण कोण हे ठाऊक नाही. ठाऊक झाल्यावर काय होते? बाबासाहेब १९१७ साली परदेशातून बडोद्याला नोकरीसाठी आले. परदेशातील वास्तव्यात आपण अस्पृश्य आहोत ही जाणीवही त्यांच्या मनातून पुसून गेली होती. राहावयास जागा मिळेना, म्हणून पारशी नाव घेऊन ते एका पारशी उतारगृहात राहिले. काही दिवसांतच बिंग फुटले, लाठ्या घेतलेले लोक दारात आले आणि परदेशातून पदवी घेऊन आलेल्या विद्वानाला सार्वजनिक बागेत जाऊन बसावे लागले. भिंती त्याच, माणूस तोच. फक्त अज्ञान संपले होते. जी समता अज्ञानावर उभी असते ती ज्ञानाच्या पहिल्या धक्क्याने कोसळते.

आजही हेच घडते. गाडीत न विचारलेले आडनाव बिऱ्हाडाच्या स्वयंपाकघरात देशबांधवच विचारतात. अमेरिकेतील सिअ‍ॅटल शहराने २०२३ साली जातिभेदाविरुद्ध कायदा केला, तो काही उगाच नव्हे. ब्रिटनच्या सरकारने मात्र २०१८ साली असा स्पष्ट कायदा न करण्याचे ठरविले.

शेजारी बसू देणारे लोक बरोबरीने वागवितातच असेही नाही. ब्रिटनमधील ब्रिस्टल शहरात बसगाड्यांत काळे-गोरे एकत्र प्रवास करीत. परंतु काळ्या व आशियाई माणसाला त्याच बसवर ड्रायव्हर वा कंडक्टर म्हणून घेण्यास कंपनी नकार देई. १९६३ साली तेथील काळ्या नागरिकांनी बसवर बहिष्कार पुकारला, तेव्हा २८ ऑगस्टला कंपनीला ही बंदी उठवावी लागली. पहिला बिगरगोरा कंडक्टर म्हणून एका शिखाची नेमणूक झाली. आसन मिळाले होते. मान मिळवावा लागला.

येथे तथागतांचे शिष्य आनंद यांची कथा आठवते. पाणवठ्यावर त्यांनी प्रकृती नावाच्या चांडाळ कन्येकडे पाणी मागितले. आपण चांडाळ असल्याचे तिने सांगितले, तेव्हा आनंद म्हणाले की मी तुझी जात विचारली नाही, पाणी मागितले. जात न विचारणे येथेही आहे आणि लंडनच्या गाडीतही आहे. दोन्ही एकच काय? मुळीच नाही. गाडीतला प्रवासी जात विचारीत नाही, कारण तो काहीच विचारीत नाही. त्याला शेजाऱ्याशी कर्तव्यच नसते. आनंदांनी जात विचारली नाही, पण पाणी मागितले. आणि जात समजल्यावरही ओंजळ मागे घेतली नाही. पहिल्यात माणूस दृष्टीआड होतो. दुसऱ्यात फक्त जात दृष्टीआड होते आणि माणूस समोर येतो.

धम्मात मैत्री, करुणा, मुदिता व उपेक्षा हे चार ब्रह्मविहार सांगितले आहेत. ह्यातील उपेक्षा म्हणजे समभाव, बेपर्वाई नव्हे. बेपर्वाई ही उपेक्षेसारखी दिसते, म्हणूनच आचार्य बुद्धघोषांनी विशुद्धिमार्गात अज्ञानजन्य बेफिकिरीला उपेक्षेचा जवळचा शत्रू म्हटले आहे. दूरचा शत्रू ओळखू येतो. जवळचा मित्राच्या वेषात येतो. मोठ्या शहराची बेफिकिरी ही अशी आहे. बाबासाहेबांनीही १९३६ साली जातिनिर्मूलनाच्या निबंधात दाखवून दिले की केवळ जवळजवळ राहिल्याने माणसांचा समाज बनत नाही. त्यासाठी परस्पर व्यवहार व सहभाग लागतो.

म्हणून स्थलांतर आणि धर्मांतर ह्यांतील भेद आपण नीट ध्यानात घ्यावा. स्थलांतराने जात लपते. धर्मांतराने ती नाकारली जाते. जात लपवूनच जगावयाचे असते तर बाबासाहेबांना लंडन-न्यूयॉर्कमध्ये सुखाने राहता आले असते. ते परत आले, आणि १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूरला लाखो लोकांसमक्ष, आपण कोण हे सर्वांना ठाऊक असताना, त्यांनी धम्मदीक्षा घेतली. दीक्षेच्या नवव्या प्रतिज्ञेत सर्व माणसे समान मानण्याचे वचन आहे. दहावीत समता स्थापन करण्याचा प्रयत्न करण्याचे. मानणे मनात होते. स्थापन करणे दोन माणसांमध्येच होऊ शकते.

याचा अर्थ विद्यार्थ्याने प्रत्येक डब्यात आपली ओळख पुकारीत फिरावे, असा नाही. जेथे धोका आहे तेथे मौन पाळणे म्हणजे असत्य बोलणे नव्हे; विचारणाऱ्याला जात सांगण्याचे कर्ज आपण काढलेले नाही. परंतु त्या मौनाची सवय जडून आपण आपल्याच माणसाला ओळख देईनासे झालो, तर सुटका झाली आणि बंधुत्व गेले असे होईल.

आणखी एक कसोटी आहे, व ती अधिक कठीण आहे. त्याच गाडीत एखाद्या काळ्या माणसाच्या किंवा बुरख्यातील बाईच्या शेजारचे आसन रिकामे राहते आणि लोक उभे राहणे पसंत करतात. त्या वेळी आपला विद्यार्थी कोठे असतो? गावाकडून आणलेला रंगाचा तिटकारा मनात धरून तोही दांडीला लटकत उभा राहिला, तर मसूरच्या गाडीवानात आणि त्याच्यात फरक तो काय? आणि तो तेथे जाऊन बसला, दोन शब्द बोलला, नकाशा न समजणाऱ्या नवख्याला वाट दाखविली, तर पाऊण तासाच्या त्या प्रवासात मैत्रीचा अभ्यास झाला. वर्गात पदवीचे शिक्षण मिळेल. हे शिक्षण वाटेत मिळते, आणि त्याला शिष्यवृत्ती लागत नाही.