रोग सरला म्हणजे आरोग्य आले काय?

माशाच्या पोटात कृमी आढळले की आपले मन विटते. ते नसले की मासा चांगला, असा आपला सहज निवाडा असतो. हाच निवाडा सबंध समुद्रास लावता येईल काय? अमेरिकेतील वॉशिंग्टन राज्याच्या प्युजेट साउंड ह्या सागरी खाडीविषयी २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या एका संशोधनाने आम्हांस ह्या प्रश्नापाशी आणून उभे केले आहे.

गोठ्यातील गाय आजारी पडली तर धन्यास कळते. समुद्रातील दुबळा मासा दुसऱ्याच्या तोंडी जातो आणि मागे खूण उरत नाही. मग शंभर वर्षांपूर्वीचा रोग कसा जाणावा? तो सांगितला संग्रहालयांत मद्यार्कात राखलेल्या माशांनी. १८८० ते २०१९ ह्या काळात पकडलेल्या आठ जातींच्या ६९९ माशांची पोटे संशोधकांनी जपून उघडली व आतील परोपजीवी सूक्ष्मदर्शकाखाली मोजले.

काही परोपजीवींना जीवनक्रम पुरा करण्यास तीन वा अधिक पोशिंदे लागतात : आधी एखादा क्षुद्र जलचर, मग मासा, शेवटी पक्षी किंवा सील. अशांची संख्या दर दशकास सरासरी सुमारे ११ टक्क्यांनी घटली. एकदोन पोशिंद्यांवर भागवणारे मात्र बहुतांशी टिकून राहिले. ही घट पाण्याच्या वाढत्या उष्णतेशी निगडित दिसली. एका अंश सेल्सियसच्या वाढीमागे सुमारे ३८ टक्के.

कृमी गेले, ह्यात दुःख कसले, असे कोणी विचारील. कृमी माशाला पीडा देतात हे खरेच. ती पीडा नाकारणे ढोंगीपणाचे होईल. परंतु हेच जीव एखाद्या जातीची बेसुमार वाढही रोखून धरतात. शिवाय ज्याला तीन घरांचा आधार हवा, तो नाहीसा होऊ लागला तर त्या घरांची व त्यांना जोडणाऱ्या वाटांची चौकशी करणे प्राप्त आहे. रोगाचे ओसरणे हेही कधी कधी दुखण्याचे लक्षण असते.

मत्स्यरूपापुढे हात जोडणाऱ्या आम्हां भाविकांना माशाविषयी ममता वाटते; त्याच्या पोटातील कृमीविषयी ती वाटावी, असा आमचा आग्रह नाही. आमचे म्हणणे एवढेच की, आपली किळस हा धर्माचा निर्णय नव्हे. ज्यांनी ते मासे बरण्यांत राखले, त्यांना आजचा हा प्रश्न ठाऊकही नव्हता. त्यांनी निवाडा केला नाही, जे होते ते जपून ठेवले; म्हणूनच आज आपणांस विचार करता येतो.