दाराजवळची जागा

रवांडाच्या उत्तरेला, डोंगरावर, ब्युम्बा नावाचं गाव आहे. तिथं दूरच्या देशातून एक शिकाऊ मुलगी आली. मानसशास्त्राचं तिचं शिक्षण संपत आलं होतं. १९९४ च्या नरसंहारात होरपळलेल्या माणसांसाठी त्या भागात २००५ पासून सोशिओथेरपीचे, म्हणजे एकत्र बसून एकमेकांच्या आधारानं सावरण्याचे, गट सुरू झाले होते. नवे गट चालवणाऱ्यांसाठी एक पुस्तिका करायची होती, त्या कामात तिनं मदत करायची होती.

एका गटात दहा-पंधरा माणसं असत. आठवड्यातून एकदा तीन तास बसायचं, असे पंधरा आठवडे. गट चालवणारे दोघंही त्याच डोंगरावरचे होते. त्यातला एक प्राथमिक शाळेत मास्तर होता.

मुलगी ज्या गटात बसायची त्यात विधवा होत्या. ज्यांचे नवरे खुनांपायी तुरुंगात होते अशा बायकाही होत्या. एकाच झऱ्यावर पाणी भरायच्या, पण एकमेकींशी बोलायच्या नाहीत.

मुलीला वाटलं होतं, इथं माणसं मन मोकळं करतील, रडतील, हलकी होतील. पण पहिली बैठक कुणी कुठं बसायचं यातच गेली. दुसरी गेली उशिरा आलेल्यांचं काय करायचं, तान्ही मुलं आणायची का, यात. मग इथलं बोलणं बाहेर जाणार नाही ना, यावर बराच खल झाला. तिची प्रश्नावली पिशवीतच राहिली.

एका संध्याकाळी तिनं विचारलं, ‘‘मास्तर, त्या दिवसांबद्दल यांना कधी विचारायचं?’’

‘‘सगळ्यात शेवटी,’’ मास्तर म्हणाला. ‘‘आधी इथं बसायला भीती वाटता कामा नये. मग विश्वास, मग एकमेकांची काळजी, मग आदर, मग नव्यानं जगायचे नियम. आठवणी त्यानंतर.’’

‘‘आणि तेवढा वेळच उरला नाही तर?’’

‘‘तर आठवणी राहू देत. आधीचं राहून चालणार नाही.’’

गटात एक म्हातारी होती, मूळची दक्षिणेकडची. ती दर बैठकीला दाराजवळ बसायची आणि दार उघडं ठेवायला लावायची. बाहेर थंडी असो, धूळ असो. का, ते तिला कुणी विचारलं नाही.

एप्रिलमधला एक दिवस. पाऊस असा आला की पत्र्याखाली कुणाचंच बोलणं ऐकू येईना. वाऱ्यानं दार आपटायला लागलं. तुरुंगातल्या माणसाची एक तरुण बायको उठली आणि दाराकडे गेली. म्हातारी ताठ झाली. तरुणीनं तिच्याकडे पाहिलं. मग ती पावसात बाहेर गेली, एक मोठा धोंडा उचलून आणला आणि उघड्या दाराला लावून ठेवला. आत येऊन म्हातारीशेजारच्या रिकाम्या बाकावर बसली. पावसाचे फटकारे तिच्या अंगावर येत होते.

‘‘अगं, भिजशील,’’ म्हातारी म्हणाली. ‘‘इकडे सरक.’’

त्या दिवशी गटात दुसरं काहीच बोलणं झालं नाही.

पुढं, शेवटच्या आठवड्यांत, म्हातारी आपणहून बोलली. नरसंहाराच्या वर्षी ती आपल्या माणसांबरोबर चर्चमध्ये आसऱ्याला गेली होती. देवाच्या घरात कुणी मारणार नाही, असं सगळ्यांना वाटलं होतं. दारं आतून लावून घेतली होती. मारेकरी तिथंही आले.

रवांडात असं एकाच चर्चमध्ये घडलं नव्हतं. त्या रात्री मुलीनं पुस्तिकेसाठी पहिला नियम लिहिला. बैठकीच्या खोलीचं दार नेहमी उघडं ठेवावं.

मास्तरानं तो वाचला आणि त्यावर काट मारली. ‘‘पलीकडच्या डोंगरावर खोली रस्त्याला लागून आहे,’’ तो म्हणाला. ‘‘तिथं दार उघडं राहिलं तर कुणी तोंड उघडणार नाही. दाराचं काय करायचं, ते बसणाऱ्यांना विचारायचं. एवढंच लिही.’’

ज्यांच्यावर असा घाला पडतो त्यांची माणसं जातात, घर जातं, आणि आपल्या जिवाचं आपण ठरवण्याचा हक्कही जातो. हा हक्क परत मिळायला लागतो तो कुठं बसायचं, दाराचं काय करायचं, अशा साध्या गोष्टींपासून. मदतीला आलेल्या माणसानं चांगल्या मनानं दिलेलं तयार उत्तरसुद्धा तो हक्क पुन्हा काढून घेऊ शकतं.

पुढच्या हंगामात म्हातारीनं प्रशिक्षण घेतलं. पलीकडच्या डोंगरावरचा नवा गट तिच्याकडे आला. पहिल्या बैठकीत तिनं दाराचं विचारलं. बायका म्हणाल्या, लावून घ्या, रस्त्यावरचे ऐकतात. म्हातारी उठली, तिनं स्वतःच्या हातानं दार लावलं, कडी मात्र घातली नाही. मग ती वळून म्हणाली, ‘‘आता सांगा, कुणाला कुठं बसायचंय?’’